मेल्यावर अंग ताठ का होतं? स्नायूंत तेव्हा जोर येतो कुठून?

तुम्ही लिहिलंय की आजी गेल्यावर तीन-चार तासांनी तिचा हात कोपरात वळेना. शेवटी तिला वेदना झाल्या असतील का, आणि प्राण गेलेल्या स्नायूंत एवढा जोर आला कुठून, असं विचारलंय.

वेदनेचं आधी सांगतो. या ताठरपणाचा वेदनेशी काहीही संबंध नाही. प्राण गेल्यावर अंग आधी सैलच पडतं. ताठपणा नंतर येतो, तेव्हा मेंदू आणि नसांचं काम केव्हाच थांबलेलं असतं. तेवढी एक गोष्ट मनातून काढून टाका.

आता जोराचं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी मुलांचा हाच घोटाळा होतो: आखडायला शक्ती लागते, सैल पडणं फुकट! स्नायूला सैल पडायलाही शक्ती लागते.

दंडाच्या स्नायूचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरा. तो तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, कडेकडेने कितीतरी केंद्रकं असलेली. तिच्यावर एकाआड एक गडद आणि फिकट आडवे पट्टे दिसतात. गडद पट्ट्यात मायोसिन नावाच्या प्रथिनाचे जाड धागे, फिकट पट्ट्यात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक. स्नायू आखडला की फिकट पट्टा अरुंद होतो, गडद मात्र तेवढाच राहतो. म्हणजे धागे आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात. १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी मांडलं.

नसेकडून संदेश आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनच्या धाग्यांवरची डोकी त्या पकडून ओढतात. रस्सीखेचीत आपण दोर ओढतो, पकड सोडतो, पुढे धरतो, तसंच हे. फक्त इथे पकड सुटायला दर वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणाऱ्या रसायनाचा, नवा रेणू लागतो. कॅल्शियम परत साठ्यात भरायलाही एटीपीच लागतं.

श्वास थांबला की एटीपी बनणं थांबत जातं. कॅल्शियम बाहेर झिरपतं, मायोसिन ॲक्टिनला धरतं आणि सोडवायला एटीपी उरलेलं नसतं. नवा जोर कुठून येत नाही, लागलेली पकड सुटत नाही एवढंच. म्हणून हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत अडकतो. पापण्या, जबडा, मान इथे हे आधी जाणवतं. घरातली जाणती माणसं लगेच डोळे मिटतात, हनुवटी बांधतात, हातपाय सरळ करतात ते यासाठीच, नंतर ते करता येत नाही.

पुढे एखाद्या दिवसाने पेशीतलीच विकरं (एन्झाइम) हे धागे तोडू लागतात आणि अंग पुन्हा सैल पडतं. उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी लवकर होतात, थंडीत उशिरा. त्यामुळे मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधताना डॉक्टर हवामानही लक्षात घेतात.