ड्युटी संपल्यावर घर कुणाचं?

"ताई, हे रिटायर झाले की दिवसभर घरात. मग मन्हं कसं व्हई?"

निवृत्तीबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या बाईंनी खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच विचारलं. भुसावळच्या बाई, यजमान रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे, साठी पूर्ण व्हायला सात महिने. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) 'वेळ कसा जाईल' असं पुरुष उघड विचारतात. बायकांना हा दुसरा प्रश्न विचारायची लाज वाटते. नवरा घरी राहणार याचं ओझं वाटतं, हे सांगायचं कोणाला?

पण गाडीवर ड्युटी करणाऱ्या रनिंग स्टाफच्या घरात तो प्रश्न अगदी रास्त आहे. ड्युटीचा कॉल आला की रात्री दोनलाही डबा भरायचा. मग कधी इगतपुरी, कधी बडनेरा, तिथल्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीगृहात मुक्काम, आणि घरी आले की झोप. तीस वर्षं पोरांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, वर्षाचा गहू भरणं हे सगळं बाईंनी एकटीने ओढलं. घराला त्यांची शिस्त लागली होती.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. साहेबांनी जाडजूड फाईल आणली. पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत कम्युटेशन घेता येतं, म्हणजे तेवढ्या भागाची रक्कम आधीच एकदम मिळते आणि दरमहा पेन्शनमधून कापली जाते, ती कपात १५ वर्षांनी थांबते, शिल्लक रजेचे ३०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात, सगळं तोंडपाठ. मी एवढंच सुचवलं की हाती येणाऱ्या मोठ्या रकमेतून पहिले सहा महिने प्लॉट घेऊ नका आणि नातेवाइकांना उसने देऊ नका. मग विचारलं, "निवृत्तीनंतरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही घरात कुठे बसलेले असाल?"

"हॉलमध्ये. पेपर वाचत."

"मंगळवारी दहाला हॉलमध्ये आमचं भजन असतं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

ते बराच वेळ फाईलच्या नाडीशी खेळत राहिले.

मी त्यांना एप्रिलमध्ये पंधरा दिवसांची रजा घ्यायला सांगितली. गावाला जायचं नाही, फिरायला जायचं नाही, घरीच राहायचं. निवृत्तीची ही तालीम मी बहुतेकांना करायला लावते. पाचव्या दिवशी ठिणगी पडली. पहाटे गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालणं चाललं होतं. ज्वारीचा गरम घाटा, ओल्या धोतरावर भराभर थापणारे हात, गल्लीतल्या चार-पाच जणींच्या गप्पा. साहेब वर गेले आणि 'ही जाड झाली, ती वाकडी' असं सांगू लागले. बाया गप्प झाल्या. संध्याकाळी घरात मोठं भांडण.

दोघं माझ्याकडे आले तेव्हा ते म्हणाले, "गाडीत सिग्नल दिसला की मी बोलतो, असिस्टंट तेच मोठ्याने बोलतो. घरी मी बोललो की सगळे गप्प होतात."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. हा माणूस हुकूम गाजवत नव्हता, उत्तराची वाट पाहत होता. बाईंनाही ते तिथेच पहिल्यांदा कळलं असावं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग आम्ही ठरवलं. हॉल सकाळी बाईंचा. आठवड्यातले दोन दिवस ते रावेरला भावाच्या केळीच्या बागेत जातील. आणि घरातलं एक काम पूर्ण त्यांच्या ताब्यात. अशा वेळी मी 'मदत करा' म्हणत नाही, कारण मदत करणारा विचारत राहतो आणि घरची बाई सांगत राहते. बाईंनी गहू दिला: बाजारातून आणणं, ऊन दाखवणं, निवडून घेणं, कोठी भरणं. चुकला तरी बोलायचं नाही, ही अट मी बाईंना घातली. ती पाळणं त्यांना जड गेलं.

झोप मात्र लवकर सुधारली नाही. वर्षानुवर्षं वेळी-अवेळी ड्युटी केलेलं शरीर आठवड्यात रुळत नाही. झोप कधीही लागो, उठायची वेळ एकच ठेवा, सकाळचं ऊन अंगावर घ्या, दुपारी पडायचं तर अर्धा तास, एवढंच सांगितलं. घोरणं जोरात होतं, म्हणून डॉक्टरांकडेही पाठवलं. निवृत्तीनंतर दोन-तीन महिने ते रात्री दोनला उठून बसायचे. बाईही उठायच्या. डबा भरायचा नसायचा, तरी दोघं चहा करून प्यायचे.

यंदा एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. साहेबांनी घाट्याचं पातेलं गच्चीवर चढवून दिलं आणि लगेच खाली गेले. थोड्या वेळाने बाईंनीच जिन्यातून हाक मारली, "अहो, वर या, धोतराचं टोक धरा."