वाचकांचे प्रश्न : तयार टेम्प्लेटवरून स्वतःचे संकेतस्थळ

प्रश्न : मी साक्री तालुक्यात शिक्षक आहे. आखाजी, कानबाई आणि गुलाबाई या खानदेशी सणांची अहिराणी गाणी मी गावोगावच्या आयाबायांकडून ध्वनिमुद्रित करून घेतली आहेत. ती लोकांपुढे ठेवण्यासाठी जेकिल या संकेतस्थळ बांधणाऱ्या साधनाचे एक मोफत टेम्प्लेट (तयार साचा) निवडून गिटहब पेजेस या सेवेवर संकेतस्थळ तयार केले. माझ्या संगणकावर ते व्यवस्थित दिसते, परंतु इंटरनेटवर उघडले की रंग आणि मांडणी नाहीशी होऊन नुसता मजकूर उरतो. शीर्षकांची शिरोरेषाही अक्षराअक्षराला तुटलेली दिसते, आणि पहाटे लिहून चढवलेले पान सकाळपर्यंत दिसतच नाही. हे कसे दुरुस्त करावे?
— एक शिक्षक, साक्री (जि. धुळे)

उत्तर : आपण हाती घेतलेले काम फार मोलाचे आहे, कारण ही गाणी पाठ असलेल्या पिढीचा आवाज जपण्यास आता फार वेळ उरलेला नाही. आपल्या तिन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत आणि प्रत्येकीचे कारण वेगळे आहे.

मांडणी नाहीशी होण्याचे कारण बहुधा पत्त्यात आहे. गिटहबवर रिपॉझिटरीचे (संकेतस्थळाच्या फाइली ठेवलेल्या कोठाराचे) नाव ‘आपले वापरकर्तानाव.गिटहब.आयओ’ असे ठेवले, तर संकेतस्थळ थेट त्याच पत्त्यावर उघडते. दुसरे कोणतेही नाव दिले, तर ते नाव पत्त्याच्या शेवटी तिरप्या रेघेनंतर जोडले जाते. आपल्या संगणकावर पाहताना हा जोडभाग नसतो, म्हणून तेथे सारे ठीक दिसते. इंटरनेटवर मात्र रंगरूपाच्या फाइली चुकीच्या जागी शोधल्या जातात आणि त्या सापडत नाहीत. संकेतस्थळाच्या सेटिंग्ज असलेल्या कॉन्फिग या फाइलमध्ये (ती वायएमएल नावाच्या साध्या मजकूर-स्वरूपात असते) ‘बेसयूआरएल’ या ओळीत तिरप्या रेघेसह रिपॉझिटरीचे नाव लिहावे, किंवा रिपॉझिटरीचेच नाव वर सांगितल्याप्रमाणे बदलून ती ओळ रिकामी ठेवावी. एकाच व्यक्तीच्या संकेतस्थळासाठी मी दुसरा मार्ग सुचवेन. बदल दिसायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतरही काही दिसले नाही, तर गिटहबवरील ‘ॲक्शन्स’ या भागात लाल फुली आहे का ते पाहावे.

लाल फुली दिसली, तर पहिला संशय वायएमएलवर घ्यावा. या फाइलींत ओळी आत सरकवण्यासाठी टॅब चालत नाही, केवळ स्पेस चालते. मराठी लेखकाला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम : ‘कानबाई : रोटाची गाणी’ असे शीर्षक अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, तर संगणक अपूर्णविरामानंतरचा भाग वेगळी नोंद समजतो आणि पान बांधलेच जात नाही. पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत लिहिल्यास हा अडथळा उरत नाही.

पहाटेच्या पानाचे कारण वेळेत आहे. गिटहबचे संगणक यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, आणि जेकिल भावी तारखेची पाने आपणहून दाखवत नाही. पहाटे चार वाजता आजची तारीख घालून चढवलेले पान तेथे ‘उद्याचे’ ठरते, आणि पुन्हा काही बदल चढवीपर्यंत ते तसेच मागे राहते. कॉन्फिग फाइलमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा लिहावा.

आता शिरोरेषा. बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, त्यामुळे शीर्षके ऐटदार दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडण्याची सूचना त्यांच्या सीएसएसमध्ये (रंगरूप ठरवणाऱ्या फाइलीत) असते. रोमन अक्षरे सुटी असल्याने ती शोभते, देवनागरीची मात्र शिरोरेषा तुटते. ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य करावे, ओळींमधले अंतर दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकणार नाहीत. टंक (फॉन्ट) म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत आणि वाचनीय आहेत. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी, आणि गाण्याच्या मजकुराला अहिराणीचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेत ‘एएचआर’ द्यावा. हा संकेत आयएसओ ६३९-३ या मानकात आहे. अहिराणीला मराठीच्या नोंदीखाली झाकून टाकण्याचे काहीच कारण नाही. गाणी जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहून ठेवली असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील, नाहीतर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतील.

ध्वनिफितींबाबत : गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही आणि प्रकाशित संकेतस्थळाला १ जीबीची मर्यादा आहे. एकेरी ध्वनीची ६४ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण अर्धा एमबी घेते, म्हणजे तीस तासांहून अधिक गाणी बसतील. मूळ ध्वनिमुद्रणे मात्र स्वतंत्र डिस्कवर, दोन ठिकाणी जपावीत. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव द्यायचे असेल तर आधी तिची संमती घ्यावी, कारण मोफत खात्यावर रिपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते आणि पुसलेला मजकूरही जुन्या नोंदींत शिल्लक राहतो.

टेम्प्लेट बनवणाऱ्याची नमुना पाने, नाव, समाजमाध्यमांचे दुवे आणि भेटी मोजणारा कोड काढून टाकावा. तो राहिल्यास आपल्या वाचकांचा हिशेब परक्या खात्यात जमा होतो. परवान्याची फाइल मात्र तशीच ठेवावी, ती त्याच्या श्रमाची पोच आहे. यापुढे एका वेळी एकच बदल करून तो चढवावा, म्हणजे काही बिघडल्यास नेमके कशाने बिघडले हे कळेल.

प्रश्न : मोफत पत्त्यावर काम चालू असताना स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचा स्वतःच्या नावाचा पत्ता) आधीच घ्यावे का?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : घाई नको. दहा-बारा पाने भरून संकेतस्थळ स्थिरावले की घ्यावे, परंतु नाव छापील पत्रिकेवर किंवा पुस्तकावर जाणार असेल तर त्याआधी अवश्य घ्यावे. डोमेनच्या नोंदी सर्वत्र पोहोचायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, तेवढा धीर धरावा. डोमेन जोडल्यावर ‘बेसयूआरएल’ रिकामे करावे आणि सेटिंग्जमधील एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) सक्तीचा पर्याय चालू करावा. वार्षिक नूतनीकरणाची तारीख घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्यावी, कारण डोमेन मुदतीत न भरल्यास तो पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो.