वडील ७४ वर्षांचे आहेत, महाधमनीची झडप अरुंद झाली आहे. छाती न उघडता झडप बदलणं (टावी) ओपन सर्जरीइतकंच भरवशाचं आहे का?

हो, या वयात आणि सीटी स्कॅनमध्ये झडपेची व रक्तवाहिन्यांची मापं जुळत असतील तर पाच वर्षांपर्यंतचा निकाल ओपन सर्जरीच्या तोडीचा आहे. आधार पार्टनर-३ या चाचणीचा: कमी जोखमीचे सुमारे १,००० रुग्ण, सरासरी वय ७३. पहिल्या वर्षात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती व्हावं लागणं, यांपैकी काही ना काही टावीच्या गटात ८.५ टक्के रुग्णांना झालं, ओपनच्या गटात १५.१ टक्के. पाच वर्षांनी मात्र आकडे २२.८ आणि २७.२, म्हणजे ठोस म्हणावा असा फरक उरला नाही. खरा फायदा सुरुवातीचा: मुक्काम साधारण ३ दिवसांचा, ओपनमध्ये ७. छातीचं हाड कापावं लागत नाही. जांघेतल्या धमनीतून फुग्यावर आवळून बसवलेली झडप वर नेतात, काही सेकंद ठोके मुद्दाम १८०च्या आसपास पळवतात (म्हणजे ती जागेवरून सरकत नाही) आणि फुगा फुगवतात.

पण जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे तसं असेल तर हे आकडे वडिलांना लावू नका. सोबत बायपासही लागणार असेल तर बहुधा ओपनच सोयीचं. काही प्रकारच्या झडपांनंतर पेसमेकर लागण्याचं प्रमाण जास्त आहे, तेवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.