फॉर्मवर सही कुणाची?

पंचाहत्तरीच्या आईंच्या खुब्याचं ऑपरेशन सांगलीत झालं. दुसऱ्या रात्री त्यांनी सलाईन उपसून काढलं आणि लेकीलाच नणंद समजून ओरडायला लागल्या, "वन्सं, दूध उतू चाललंय, बघा की!" सकाळी पुण्याहून आलेला मुलगा थेट बहिणीवर घसरला. "पूर्ण भुलीच्या फॉर्मवर सही तू केलीस. कमरेत भुलीचं इंजेक्शन घेतलं असतं तर डोकं तरी ठिकाणावर राहिलं असतं." हे भांडण घेऊनच दोघं माझ्यासमोर बसली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

भुलीनं मेंदू कायमचा बाद होतो, ही भीती माझ्याकडे सतत येते. ती अगदीच हवेतली नाही. १९९८च्या एका मोठ्या अभ्यासात साठीपुढच्या रुग्णांची मोठ्या ऑपरेशननंतर चाचणी घेतली. आठवड्याभरानं चारांतल्या एकाची स्मरणशक्ती-एकाग्रता घसरलेली होती, तीन महिन्यांनी दहांतल्या एकाची.

पण ताईंची टोचणी वेगळी होती, सहीची. २०२१मध्ये अमेरिका-कॅनडातला एक अभ्यास आला. खुबा मोडलेले १,६०० रुग्ण. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना कमरेतून. आईंना झाला तसा भ्रम दोन्हीकडे साधारण पाचांतल्या एकाला झाला. हाड मोडल्याचा धक्का, वेदना, जागरण, घटलेलं सोडियम, लघवीतला जंतुसंसर्ग, यातलं काहीही पुरतं. शिवाय आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणजे कमरेतल्या इंजेक्शनला मणक्यात रक्तस्रावाचा धोका. "भूलतज्ज्ञांनी हेच सांगितलं होतं, पण दादा ऐकून घेईल तर ना," ताई म्हणाल्या.

मी विचारलं, आईंचा चष्मा कुठाय? कानाचं मशीन?

ताईंनी पर्स उघडली. दोन्ही रुमालात गुंडाळून ठेवलेलं, हरवू नये म्हणून! परक्या खोलीत नीट दिसत नाही, ऐकू येत नाही. धडधाकट माणूसही बावरेल. दोन्ही लगेच घालायला सांगितलं. दिवसा पडदे उघडे, डॉक्टरांच्या परवानगीनं खुर्चीत बसवायचं, रात्री घरचंच माणूस. आणि आपल्या मनानं झोपेची गोळी बिलकुल नाही, त्यानं भ्रम वाढू शकतो.

उठता उठता ताई पुटपुटल्या, "दिवाळीपासून आई दूधवाल्याला दोनदोनदा पैसे द्यायची." दादांना हे पहिल्यांदाच कळत होतं. माझ्या मते खरी गाठ इथे होती. आधीच थकलेला मेंदू ऑपरेशनच्या ताणात उघडा पडतो. एकट्या भुलीनं अल्झायमर होतो असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. मात्र भ्रम होऊन गेलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो, म्हणून पाठपुरावा हवाच.

आठवड्याभरात भ्रम ओसरला. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत स्मरणशक्ती वयाच्या मानानं कमी निघाली, बी-१२ही कमी. इंजेक्शनं सुरू झाली. दूधवाल्याचे पैसे आता दादा पुण्याहून फोनवरून भरतात. सहीवरून दोघांची कुरबुर अजून आहे. त्यासाठी ती पुन्हा येणार आहेत, या वेळी आईंना न आणता.