हंटची ‘स्थापना’ आणि आपली तालीम

गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या शिकार क्लबांच्या सुरुवातीच्या काळावरचा लेख ते मराठीत करत आहेत. इंग्लंडमधली ‘क्वॉर्न हंट’ १६९६ साली सुरू झाली या अर्थाच्या वाक्याचं त्यांनी ‘क्वॉर्न शिकारीची स्थापना झाली’ असं केलं, तर घरात हशा पिकला. मग ‘शिकारखाना’ म्हणावं, की ‘पारध मंडळ’? सोबत त्यांनी अनुवादाची दोन पानंही पाठवली आहेत.

सर, तुमचं वाक्य व्याकरणात बसतं, तरी घरची मंडळी उगाच हसली नाहीत. मराठीत शिकार होते, साधते, हुकते, हातची जाते. स्थापन काही होत नाही. शिवाय आपल्याकडे मारून आणलेलं जनावरही शिकारच. त्यामुळे तुमचं वाक्य वाचताना कुणीतरी चौरंगावर रानडुक्कर मांडून त्याची प्राणप्रतिष्ठा करतंय असं डोळ्यांपुढे येतं.

इंग्रजीत ‘हंट’ हा एकच शब्द खोकडामागच्या धावपळीलाही लागतो, ती करणाऱ्या माणसा-घोड्या-कुत्र्यांनाही लागतो आणि त्यांच्या संस्थेलाही. कामाचं नाव संस्थेला चिकटणं आपल्याला मुळीच नवं नाही. ‘तालीम’ घ्या. शब्द अरबी, अर्थ शिकवणं. नाटकाची तालीम म्हणतो तेव्हा तो क्रियेजवळच असतो. पण जुन्या नाशकात कुणी ‘आमची तालीम फार जुनी’ म्हणाला, तर त्यात इमारत, लाल माती, वस्ताद, पोरं आणि मागच्या दोन-तीन पिढ्या असं सगळं आलं. तालमीची स्थापना झाली म्हटलं तर कुणी हसत नाही.

गंमत म्हणजे शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या, म्हणजे राज्याच्या खात्यांच्या, यादीत तालीमखाना आहे आणि शिकारखानाही आहे. तालीम पुढे ‘खाना’ न लावताही संस्था म्हणून उभी राहिली. शिकारीला ते जमलं नाही. माझ्या मते त्याचं कारण वर आलंच: आपली शिकार शेवटी जनावरावर जाऊन थांबते, माणसांपर्यंत येत नाही.

मग शिकारखाना का नको? कारण तो शब्द रिकामा नाही. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता, तो वाघ, सिंह, गेंडा असली जनावरं ठेवण्याचा. गंगाराम तांबटाने १७९० मध्ये तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. इतिहास थोडाफार वाचलेल्या माणसाला शिकारखाना म्हटलं की पिंजरे दिसणार, लाल कोट घातलेले घोडेस्वार नव्हे.

पारध मला व्यक्तिशः आवडतो. तो संस्कृत ‘पापर्द्धी’वरून आला, म्हणजे शब्दाच्या पोटातच पाप. पण पारध म्हटलं की पारधी आठवणारच. ज्या राज्यात साहेबाने जनावरामागे घोडा फेकणं हा खेळ होता, त्याच राज्यात १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पारध्यांवर तो शिक्का बसला. क्वॉर्नच्या जमीनदारांना ते नाव देणं म्हणजे क्रूर विनोद होईल.

आता मूळ मुद्दा. १६९६ मध्ये नेमकं काय स्थापन झालं? लेस्टरशायरमधल्या थॉमस बूथबी नावाच्या जमीनदाराने शिकारी कुत्री बाळगली, इतकंच. ना घटना, ना सभासद, ना वर्गणी. ‘क्वॉर्न’ हे नावही नंतरचं. १७५३ मध्ये ह्यूगो मेनेल या जेमतेम अठरा वर्षांच्या पोराने सूत्रं हातात घेतली. क्वॉर्न गावातल्या त्याच्या वाड्यावर कुत्री राहू लागली आणि गावाचं नाव त्यांना लागलं. मेनेल १८०० पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं प्रमुख होता. वेग आणि नाक दोन्ही तेज असलेली कुत्री त्याने निवडून वाढवली. आधी ही शिकार रमतगमत चालायची, त्याच्यानंतर ती घोड्यांची भरधाव दौड झाली. थोडक्यात, तिथे इतिहास आहे तो कुत्र्यांचा. माणसं त्यांच्यामागून आली, शब्दशः.

याउलट तुमच्या दुसऱ्या पानावर फिलाडेल्फियाचा ग्लॉस्टर फॉक्स हंटिंग क्लब आहे, १७६६ चा. तिथे शहरातली बडी मंडळी ठरवून एकत्र आली, सभासद झाली, वर्गणी ठरली. १७७४ मध्ये त्या शहराच्या घोडदळाची तुकडी उभी राहिली तेव्हा तिच्यात या क्लबातले बरेच जण होते. ही खरी संस्था. तिला बिनधास्त ‘शिकार क्लब’ म्हणा. क्लब हा शब्द आता आपलाच आहे.

क्वॉर्नसाठी मी ‘ताफा’ सुचवीन. मूळ अरबी ‘ताइफा’, म्हणजे टोळी. कलावंतिणींचा ताफा असायचा, आता मंत्र्यांच्या गाड्यांचा असतो. माणसं, जनावरं, वाहनं, काहीही त्यात मावतं. ‘१६९६ मध्ये बूथबीने शिकारी ताफा उभा केला, पुढे तो क्वॉर्न हंट या नावाने ओळखला जाऊ लागला.’ विशेषनामात हंट ठेवायला माझी हरकत नाही.

पानं वाचताना आणखी काही खटकलं. तुम्ही ‘क्वॉर्नचा देश’ लिहिलंय. आपण देशावरची माणसं, त्यामुळे मोह कळतो, पण तिथे ‘कंट्री’चा अर्थ आहे ‘हद्द’. प्रत्येक ताफ्याचा मुलूख ठरलेला असे आणि दुसऱ्याने त्यात शिरायचं नसे. ही हद्द कुणाची, अंबडची की सातपूरची, असं पोलीस म्हणतात ना, तीच हद्द. आणि ‘मागून सगळं शेत धावत होतं’ हे वाचून मात्र मीही हसलो. ते ‘फील्ड’ म्हणजे कुत्र्यांमागे दौडणारे घोडेस्वार.

‘हाकारे’ही बदला. हाकारे रान उठवतात, डबे वाजवत सावज मचाणाकडे काढतात, आणि मचाणावर बंदूकवाला बसलेला असतो. खोकडाच्या त्या शिकारीत बंदूकच नसे. मारायचं कामही कुत्र्यांचंच असे. तुमच्या वाक्यातला माणूस फुटलेल्या कुत्र्याला चाबकाच्या धाकाने कळपात परत आणणारा आहे. ‘चाबुकस्वार’ लिहू नका, तो आपल्याकडे घोडे तयार करणारा. सरळ ‘चाबूकवाला’ म्हणा. याच चाबूकवाल्यावरून ब्रिटिश संसदेत खासदारांना ओळीत ठेवणाऱ्याला ‘व्हिप’ म्हणू लागले आणि आपण त्याचं ‘प्रतोद’ केलं. गेल्या काही वर्षांत प्रतोद कुणाचा खरा यावर महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. मे २०२३ च्या निकालातही तो मुद्दा होता. मूळ कामगिरी कुत्री आवरण्याची, हे तेव्हा कुणी बोललं नाही ते बरंच झालं.

राहिला कोल्हा. वर मी खोकड लिहिलंय ते मुद्दाम. इंग्लंडमधला ‘फॉक्स’ आपल्या खोकडाचा भाऊबंद; आपला कोल्हा जरा थोराड आणि जात वेगळी. ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’मध्ये भाषांतरकारांनी घोटाळा केला खरा, पण कोल्हा द्राक्षं खातो हे निफाडच्या बागायतदाराला सांगायला नको, म्हणून ती म्हण तरून गेली. तुमच्या लेखात खोकड करा. फक्त उटीच्या परिच्छेदातला कोल्हा तसाच ठेवा: निलगिरीत साहेबांना विलायती खोकड मिळेना, तेव्हा विलायती कुत्री घेऊन ते खरोखरच कोल्ह्यांमागे धावत होते.