छत्तीस उलटले की सत्तावीसच का वाढतात?

“पाढे धडाधड म्हणतो, पण कोडं घातलं की रडायलाच लागतो.” सिंधुदुर्गात मुलांसोबत काम करताना ही तक्रार इतक्या पालकांकडून ऐकली की लिहायलाच बसले.

मालवणजवळच्या वाडीतून एक आजी चौथीतल्या नातवाला घेऊन आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, “मॅडम, ह्येच्या डोक्यात गणित शिरनाच नाय.” नातवाची मान खाली. वहीत एक कोडं खोडून खोडून कागद फाटला होता: दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते.

आजींना पहिली विनंती केली, हे वाक्य त्याच्यासमोर पुन्हा नको.

मग त्याला छत्तीस लिहायला सांगितलं. त्याने ६३ लिहिले, दचकून खोडले. यात मंदपणा काही नाही. मराठीत ‘छत्तीस’ म्हणताना सहा आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला मात्र त्यामागची कळकळ पटली होती.

मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर सांगतात तसं आधी हात, मग चित्र, मग चिन्ह, ही वाट मी सोडत नाही. पुढच्या वेळी आजींना माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, सोलून आणायला सांगितले. दहा-दहांच्या जुड्या त्यानेच सुंभाने बांधल्या. वही-पेन्सिल दोन आठवडे बंद.

तिसऱ्या भेटीत त्याने तीन जुड्या आणि सहा सुटे हीर मांडले. “आता उलट कर.” त्याने सहा जुड्या, तीन सुटे मांडले आणि थांबला. मी गप्प राहिले. बोलायचा मोह फार होतो, पण तेवढं आवरायला मी वर्षानुवर्षे शिकले आहे. तो स्वतःशीच पुटपुटला, “तीन सुटे गेले... तीन जुड्या इल्या.” बोटं जुड्यांवरून फिरली. “तीस इले, तीन गेले. सत्तावीस!” मग माझ्याकडे बघून, “म्हंजे एक सुटा जुडी झालो की नऊच वाढतत?”

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्थानिक किंमत त्याला त्या क्षणी कळली. इतकी वर्षं एकक-दशकाचे रकाने तो नुसता भरत होता.

पालकांनो, उत्तर बरोबर आलं तरी “कसं सुचलं?” एवढं विचारा. “पटकन कर” म्हणू नका. हीर नसतील तर चिंचोके घ्या, पण दहाची पुरचुंडी मुलालाच बांधू द्या, आणि ती सोडून पुन्हा मोजावीशी वाटली तर मोजू द्या. शेजारच्या मुलीचे मार्क त्या वेळी काढू नका.

गेल्या आठवड्यात आजींच्या फोनवरून त्याचा आवाज आला. “मॅडम, बेरीज नऊ, उलटल्यार अठरा वाढतत. संख्या सांगा.” मी कागद घेतला. १८, २७, ३६, ४५. चारही उलटून पाहिल्या. पलीकडे तो हसू दाबत होता.

“मिळाची नाय! तशी संख्याच नाय!”