गाईचं इंजेक्शन आणि गिधाडं

प्रश्न : गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर बंदी येऊन इतकी वर्षं झाली. गाय आजारी पडल्यावर गिधाडांचा विचार आता कशाला?

उत्तर : कारण बंदी एका औषधावर आली आणि वापर दुसऱ्यांकडे सरकला. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ साली बंद झालं. मग माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गोठ्यात पोचल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीवर आणावी लागली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना घातक असलेली दुसरी वेदनाशामकं जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. ॲसिक्लोफिनॅकचं गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, हे कळूनही इतका उशीर!

असं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की औषध गिधाडाची मूत्रपिंडं निकामी करतं, युरिक ॲसिड आतल्या अवयवांवर पांढऱ्या थरासारखं साचतं. एका मढ्यावर अख्खा थवा बसतो, त्यामुळे शंभरात एकापेक्षा कमी मढी दूषित असली तरी संख्या कोसळते.

जनावरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे. प्रमाण किलोला ०.५ मिलीग्रॅम, ३०० किलोच्या गाईला १५० मिलीग्रॅम, म्हणजे ५ मिलीग्रॅम प्रतिमिलीचं औषध ३० मिली. टॉल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. बाटलीवरचं नाव मात्र स्वतः वाचा. ‘दुखण्याचं इंजेक्शन’ एवढ्यावर भागवू नका. दुसरं काही टोचल्यावर चार-पाच दिवसांत जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.